मुदत : आठ दिवस

सुनावणी साडेदहाची. आता सव्वाअकरा झालेत आणि व्यासपीठावरच्या सात खुर्च्यांपैकी चार भरल्या आहेत. उरलेल्यांपैकी दोघं 'निघालेत', तिसऱ्यांना जिल्ह्याला मीटिंग लागली आहे. खाली सतरंजीवर मात्र पाय ठेवायला जागा नाही. मृग आठ दिवसांवर आला की मराठवाड्यातल्या या तालुक्याच्या गावात माणसं एका फेरीत दोन-तीन कामं उरकतात. त्यामुळं पंचायत समितीच्या सभागृहात आज सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशव्या आहेत, बँकेची पासबुकं आहेत आणि बहुतेकांच्या मांडीवर कॅरीबॅगेत गुंडाळलेली एक फाइल आहे. एक्स-रे फाइलीत मावत नाही, तो बाहेर डोकावतो. कोणाचं काय मोडलंय ते त्याच्या आकारावरून निम्मं कळतं.

माझं काम लिहायचं. ही जनसुनावणी भरवणाऱ्या संस्थेनं छापून आणलेला तक्ता माझ्यापुढं आहे. रकाने सहा : अनुक्रमांक, नाव-गाव, तक्रार, पुरावा, अधिकाऱ्यांचं उत्तर, मुदत. तक्रारीला चार बोटं जागा, पुराव्याला दोन, मुदतीला जेमतेम एक. खाली कार्बन. वरची प्रत संस्थेची, खालची फाडून तक्रारदाराच्या हातात द्यायची, म्हणजे पोच. दिवाळीआधीच्या सुनावणीतही मीच लिहायला बसलो होतो. तालुक्याच्या बातम्या पाठवण्यात वीस वर्षं गेली आणि अक्षर बरं आहे, एवढीच पात्रता.

पश्चिमेच्या खिडक्यांवर एक भलामोठा फ्लेक्स बांधलाय. 'महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना व आयुष्मान भारत. ५ लाखांपर्यंत मोफत उपचार.' फ्लेक्स नवा आहे, रंग झकास आहेत, आणि त्यानं वारा साफ अडवलाय. पंखे आहेत, फिरतायत. गरम हवाच फिरतेय.

पहिला अर्धा तास तालुका आरोग्य अधिकाऱ्यांचा. चाळिशीचे, कागद न बघता बोलणारे. योजनेचा जन्म ते पुराणासारखा सांगतात. २०१२ च्या जुलैत आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी; २०१३ च्या नोव्हेंबरात सगळ्या राज्यात; २०१७ ला महात्मा फुल्यांचं नाव; २०१८ च्या सप्टेंबरात केंद्राची आयुष्मान भारत; पुढं दोन्ही एकत्र. "आणि २०२४ च्या जुलैपासून," ते हात पसरतात, "कार्डाचा रंग विचारायचा नाही. पिवळं, केशरी, पांढरं, सगळ्यांना. कुटुंबामागे वर्षाला पाच लाख."

"पांढरं बी?" मागून एकजण विचारतो. मोटारसायकलची चावी बोटात फिरवतोय.

"पांढरं पण."

तो शेजाऱ्याकडं बघतो. आठ-नऊ एकर बागायत आणि पांढऱ्या कार्डामुळं आजवर कोणत्याच रांगेत उभं राहता आलेलं नाही, असा त्याचा चेहरा आहे.

साहेब आकडेही देतात. देशात उपचारांवर जो खर्च होतो त्यातले लोकांच्या खिशातून जाणारे २०१३-१४ मध्ये शंभरात ६४ रुपये होते, २०२१-२२ मध्ये ते ३९ वर आले. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांतला हा आकडा आहे, खराही आहे. दोन-तीन जण टाळ्या वाजवतात. सतरंजीवर काठी आडवी ठेवून बसलेले एक आजोबा शांतपणे म्हणतात, "त्या एकोणचाळिसात आमी हावोत."

हे कोणत्या रकान्यात घालायचं? मी समासात लिहून ठेवतो.

तिसरं नाव पुकारलं जातं. हिरव्या लुगड्यातली एक आजी उठते. उठताना आधी हात टेकते, मग गुडघा, मग दुसरा हात, मग पदर. तेवढ्यात माईकवाला पोरगा दोनदा "हॅलो, हॅलो" करून घेतो. ती माईक धरत नाही. त्याच्याकडं बघून, त्यालाच सांगते.

"शुगरच्या गोळ्या. सरकारी दवाखान्यात मिळत व्हत्या. आता तीन म्हयनं झालं, चिठ्ठी देत्यात. भायेरून घ्या म्हनत्यात."

"बाहेर किती लागतात?"

"तीनशे चाळीस. बीपीच्या धरून."

कमरेच्या पिशवीतून ती गोळ्यांची पट्टी काढते आणि माझ्या टेबलावर ठेवते. पुरावा. पट्टी कात्रीनं कापलेली आहे, दहा गोळ्यांच्या पट्टीतल्या चारच. एका घरात गोळी नाही, अर्धी गोळी आहे. चंदेरी कागद सोलून अर्धी काढली आणि उरलेली परत दाबून ठेवली. दुकानदारानं पट्टी मधोमध कापल्यामुळं औषधाचं नाव अर्धंच उरलंय, आणि मुदत संपायची तारीख दुसऱ्या तुकड्यावर राहिली. तो तुकडा कोणाच्या घरी असेल कोण जाणे.

"अर्धी का घेता आजी?"

"येक दिसाआड घेते. जास्ती दिस पुरती."

उत्तर द्यायचं आहे ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांना. तीस खाटांचं रुग्णालय. सपाटीवर अशा एका रुग्णालयामागे एक लाख वीस हजार लोक हा सरकारी हिशेब. डॉक्टर दोन, त्यातले एक हे. काल रात्री विषबाधेची केस आली, पहाटे एक शवविच्छेदन होतं, आणि आता इथं. शर्टाच्या खिशावर शाईचा डाग आहे आणि डोळे लाल आहेत. ते वरच्या आवाजात बोलत नाहीत.

"आमच्याकडे १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या, सगळं निःशुल्क आहे. औषधं पण."

"फुकट हाय," आजी मान डोलावते. "फुकट हाय खरं, पर न्हाईतच की."

हशा होतो. अधीक्षकही हसतात, मग चष्मा काढून पुसतात. ते समजावून सांगतात. राज्याची औषधखरेदी २०१७ पासून हाफकिनकडं होती, २०२३ ला त्यासाठी वेगळं प्राधिकरण झालं. मागणी संगणकावर नोंदवायची, ती त्यांनी नोंदवलीय, त्याची प्रिंट आणलीय. दरकरार झाला की साठा येणार. स्थानिक खरेदीला रुग्ण कल्याण समितीचा पैसा आहे, पण तो सापाच्या लशीला राखून ठेवावा लागतो, कारण आता पेरणी आहे. मला हा माणूस खोटं बोलतोय असं वाटत नाही. सभागृहात कोणालाच वाटत नाही, आणि तीच पंचाईत आहे. रागावायला समोर कुणीतरी लागतं.

"मुदत काय लिहू?" मी विचारतो.

ते प्रिंटकडं बघतात. "आठ दिवस लिहा."

लिहितो, पोच फाडतो, देतो. आजी ती घडी घालून पट्टीबरोबर पिशवीत ठेवते आणि जागेवर जाऊन बसते.

सहावा क्रमांक पंचेचाळिशीच्या एका माणसाचा. बाप विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरला, मांडीचं हाड मोडलं. खासगी हॉस्पिटल, योजनेत असलेलं. नाव मी इथं लिहीत नाही. तक्त्यात त्यानं सांगितलं तसं लिहिलंय. योजनेत बसलं, मंजुरी आली, सगळं झालं. ऑपरेशनच्या सकाळी एकानं बाजूला घेतलं. योजनेतला रॉड हलका, चांगला टाकायचा तर वरचे द्यावे लागतील.

"किती?"

तो एक्स-रेचं रिकामं पाकीट उलटं करून दाखवतो. मागच्या बाजूला हिरव्या शाईत '२५' लिहिलंय आणि त्याभोवती गोल. बस्स. नाव नाही, सही नाही, हजार असंही नाही. गोल मात्र दोनदा फिरवलाय.

व्यासपीठाच्या शेजारी वेगळ्या टेबलावर आरोग्यमित्र बसली आहे, पंचविशीची मुलगी, गळ्यात ओळखपत्र, समोर लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र. ती उभी राहते. "दादा, योजनेत एक रुपया द्यायचा नसतो. असं कोणी मागितलं तर लगेच फोन करायचा. १४५५५. चोवीस तास चालू असतो."

"ताई, बाप टेबलावर व्हता."

ती बसते.

"पावती?" तालुका आरोग्य अधिकारी विचारतात.

"पावती मागितली आसती तर डिस्चार्ज दिला आसता का वेळेवर?"

पुराव्याच्या दोन बोटांच्या रकान्यात मी लिहितो : 'पाकिटावर २५, हिरवी शाई, भोवती गोल.' उत्तर : 'पावतीसह लेखी तक्रार दिल्यास चौकशी.' मुदतीच्या रकान्यात काय लिहायचं ते कोणी सांगत नाही. मी आडवी रेघ मारतो. वैतागानं पेन जरा जोरात दाबलं जातं आणि कार्बन फाटतो.

इथून सभा हातातून निसटते, आणि खरं म्हणजे इथूनच ती ऐकण्यासारखी होते.

व्यासपीठावर टोकाच्या खुर्चीत गावातले एक खासगी डॉक्टर आहेत. बोलावलं म्हणून आलेत, आणि ते आले याचं मला मघापासून कौतुक वाटतंय. ते माईक ओढून घेतात. "सगळे नजरा माझ्याकडं लावू नका. मी योजनेत नाही. का नाही ते सांगू? पॅकेज ठरलेलं, ते परवडत नाही. बिल टाकलं की त्रुटी निघते, त्रुटी भरली की दुसरी. पैसे महिन्यांनी. माझं पंधरा खाटांचं हॉस्पिटल आहे, नर्सचा पगार एक तारखेला असतो. ज्याला परवडत नाही तो एकतर योजनेतून बाहेर पडतो, नाहीतर पाकिटावर आकडा लिहितो."

सगळे गप्प. पाकीटवाला माणूससुद्धा मान हलवतो. हिशेब त्याला पटतोय.

पण संस्थेची तरुण वकील गप्प बसणारी नाही. "म्हणूनच योजना नको, कायदा पाहिजे. राजस्थाननं २०२३ च्या मार्चमध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदा केला. तातडीच्या रुग्णाला आधी पैसे मागायचे नाहीत."

"आणि तिथल्या डॉक्टरांनी दवाखाने बंद ठेवले," डॉक्टर तिचं वाक्य पुरं करतात. "एप्रिलात तडजोड झाली. सरकारकडून जमीन-इमारत सवलतीत न घेतलेली खासगी रुग्णालयं बाहेर ठेवली. हक्क द्या ना, बाई. पण बिल कुणी भरायचं ते कायद्यातच लिहा."

ती मागं हटत नाही. हकिगत सांगायला लागते. १९९२ ला कलकत्त्याजवळ एक शेतमजूर रेल्वेतून पडतो, डोक्याला मार. एका सरकारी रुग्णालयातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या. कुठं सोय नाही, कुठं खाट नाही. शेवटी खासगीत सतराएक हजार खर्चून तो वाचतो. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात जातं. १९९६ ला न्यायालय म्हणतं की वेळेवर उपचार न देणं हा जगण्याच्या हक्कावरच घाला आहे आणि सरकारला पैशाची सबब सांगता येणार नाही. त्याला पंचवीस हजारांची भरपाई मिळते.

"पंचवीसच?" पाकीटवाला एकदम विचारतो. लोक हसतात. तो हसत नाही. त्याला आकडा जुळल्याचं नवल वाटलंय.

निवृत्त मुख्याध्यापक गुरुजी उठतात. गुरुजी कोणत्याही सभेत उठले की भोर समितीवर येतात हे गावाला पाठ आहे. १९४३ ला नेमलेली, १९४६ ला अहवाल दिलेली. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचाराविना राहू नये, असं त्या इंग्रजांच्या काळातल्या अहवालात लिहिलं होतं. एरवी त्यांना चिठ्ठी पाठवून थांबवतात. आज लाइट गेलीय, माईक बंद, त्यामुळं कोणाला थांबवता येत नाही. घुमणाऱ्या सभागृहात पंख्यांचा आवाज नसताना त्यांचं बोलणं लख्ख ऐकू येतं. "२०१७ च्या राष्ट्रीय धोरणात लिहिलं, २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के सरकार आरोग्यावर खर्च करील. २०२१-२२ ला किती होता? १.८४. आता २०२५ पण गेलं. मी शाळेत असताना शंभरापैकी पस्तिसाला पास करत होतो. हे अडीचात पास होईनात."

डॉक्टर आणि वकीलबाई पहिल्यांदाच एकाच वेळी टाळ्या वाजवतात. मग एकमेकांकडं बघतात आणि लगेच पुन्हा भांडायला लागतात, खासगी रुग्णालयात दरपत्रक भिंतीवर लावायच्या नियमावरून. तो नियम २०२१ चा. "लावलंय," डॉक्टर म्हणतात. "विचारा कुणालाही."

"लावलंय," मागून बायकांतून आवाज येतो. "माशांच्या पेटीमागं."

डॉक्टरांचे कान लाल होतात. "हलवतो," ते म्हणतात. मी हे तक्त्यात घेतो. उत्तर : हलवतो. मुदत मी स्वतःच्या अधिकारात लिहितो : आजच.

ज्याला सुनावणी म्हणतात ती नुसती ऐकायची गोष्ट नाही, हे मला अशा वेळी जाणवतं. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून राज्याच्या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचं काम सुरू झालं आणि गावकऱ्यांनी डॉक्टरांना मांडवात प्रश्न विचारायची ही रीत रुजली. तेव्हा पहिल्या सुनावण्यांना पोलीस बंदोबस्त मागितला जायचा, असं जुने कार्यकर्ते सांगतात. आज बाहेर एक होमगार्ड आहे. तो पण आत येऊन बसलाय. त्याच्या हातातही फाइल आहे.

लाइट येत नाही. एका ऊसतोड जोडप्याचा नंबर येतो. नवरा-बायको कर्नाटकातल्या कारखान्यावरून मागच्या महिन्यात परतलेत. त्याला हर्निया आहे. ऊस मोळी करून डोक्यावर घेऊन गाडीत चढणाऱ्याला हर्निया म्हणजे काय हे सांगायला नको. कार्ड निघालेलं नाही, कारण अंगठा उठत नाही.

"बघू," आरोग्यमित्र म्हणते. लॅपटॉपला बॅटरी आहे, नेट मोबाइलवरून. तो अंगठा यंत्रावर ठेवतो. लाल. ती ओल्या रुमालानं अंगठा पुसून देते. लाल. दुसरा हात. लाल. मी वाकून बघतो. अंगठ्याच्या पेरावर रेषाच नाहीत. कोयत्याच्या मुठीनं आणि उसाच्या पाचटानं चामडी घासून शिंगासारखी गुळगुळीत आणि पिवळट झालीय. मधे एक उभी भेग तेवढी आहे.

"मोबाइलवर ओटीपी येईल. आधारला नंबर कोणता जोडलाय?"

तो बायकोकडं बघतो. बायको सांगते, "मुकादमाचा."

"तुमचा नाही?"

"आधार काडलं तवा आमच्याकडं फोन नव्हता. त्येनंच त्येचा दिला. आता त्यो उचलत न्हाई. उचल फिटली न्हाई आमची."

एवढ्या मोठ्या योजनेची किल्ली मुकादमाच्या खिशात असेल असं दिल्लीत किंवा मुंबईत बसून कोणाच्या ध्यानात येणार? तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्याही आलेलं नाही. ते वहीत लिहून घेतात.

"चेहऱ्यानं करू," मुलगी म्हणते. मोबाइल त्याच्यापुढं धरते. प्रकाश कमी आहे, असा संदेश येतो. ती त्याला हाताला धरून खिडकीपाशी नेते. खिडकीवर फ्लेक्स. काठीवाले आजोबा उठतात, काठीनं फ्लेक्सचा खालचा काठ वर ढकलतात, होमगार्ड सुतळीनं तो गजाला बांधतो. 'मोफत उपचार' गुंडाळीत जातं, '५ लाख' वर राहतं. उजेड आणि वारा दोन्ही एकदम आत येतात. आख्खं सभागृह "हाऽऽ" करतं.

"डोळे मिचकवा. अजून. हसू नका."

तो हसतच नाहीये. तो कॅमेऱ्याकडं असा बघतोय, जसा माणूस फोटो स्टुडिओत लग्नानंतर एकदाच बघतो. हिरवं. झालं! माणसं खरोखर टाळ्या वाजवतात. मी पण वाजवतो, लिहायचं सोडून. वीस मिनिटांपूर्वी ज्या पद्धतीला सगळे नावं ठेवत होते, तीच आता या मुलीच्या हातून चाललीय, आणि त्याचा आनंद मनापासून आहे.

बायको पुढं येते. "आता गोळ्या मिळत्याल का? त्येला कंबरंच्या लागत्यात, आन मला रक्ताच्या."

मुलगी थांबते. "नाही मावशी. हे ॲडमिट झाल्यावर. ऑपरेशनला. गोळ्यांना नाही चालत."

"दाखल झाल्याबिगर न्हाई?"

"नाही."

"मग दाखल व्हईस्तोवर?"

प्रश्न विचारायचा म्हणून विचारलेला नाही. तिला खरंच माहिती हवीय. मुलगी अधीक्षकांकडं बघते, अधीक्षक तालुका अधिकाऱ्यांकडं, ते माझ्याकडं, जणू माझ्या तक्त्यात उत्तर असेल. सकाळपासून दोन डझन नोंदी झाल्यात. मी बोट फिरवत खाली येतो. पाच लाखांशी ज्यांचा थेट संबंध आहे अशा नोंदी चार आहेत. बाकी सगळ्या तीनशे चाळीस, नऊशे सोनोग्राफीचे, दोनशे रिक्षाचे, साठ रुपये सलाईनच्या सुईचे. घरं आजारपणानं बुडतात ती काही एका रात्रीत नाही. आमच्याकडं ती अशी झिरपत बुडतात, पावतीशिवाय. फ्लेक्सवर हे छापता येत नाही हे मी समजू शकतो. साठ रुपये कोण छापणार?

आशाताई शेवटी उभ्या राहतात. तीन आहेत, पण एकच बोलते, कारण समोर तिचेच साहेब बसलेत आणि तिघींनी बोलायचं म्हणजे तिघींची नोंद. ती फार जपून, पाठ केल्यासारखं सांगते. गावातली बाळंतीण. रुग्णालयात सिझर होत नाही, भूलतज्ज्ञाचं पद रिकामं. १०८ बोलावली. "गाडी वेळेत आली, हे आधी लिवा सर." लिहितो. सोलापूरला पाठवली, घाटात गाडीतच बाळंत झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप.

"सुखरूप आहेत ना? मग तक्रार काय लिहायची?" अधीक्षक विचारतात. कुचकेपणानं नाही.

"तक्रार येवढीच सर, की माझ्या यादीतल्या दुसऱ्या बाईला आठवा लागलाय."

उत्तर : पद भरण्याबाबत वरिष्ठ कार्यालयास कळवले आहे. मुदत : रेघ.

पावणेतीनला आभार उरकतात. आभार मानणारा माणूस सगळ्यांची नावं घेतो आणि आरोग्यमित्र मुलीचं विसरतो. चहा येतो, कागदी कपात, साखर जास्त. डॉक्टर आणि वकीलबाई दाराशी अजून बोलतायत. धर्मादाय रुग्णालयांतल्या दहा टक्के मोफत खाटा नेमक्या कोणाच्या वाट्याला जातात यावर दोघांचं एकमत झालेलं दिसतं. गुरुजी होमगार्डला भोर समिती सांगतायत.

मी तक्ता गुंडाळून बाहेर पडतो. स्टँडसमोर लिंबाखाली हिरव्या लुगड्याची आजी बसली आहे. तिची गाडी सव्वातीनची.

"आजी, चहा घेतला का?"

"शुगर हाय न्हवं मला." मग जरा सरकून जागा करते. "बसा. तुमचंच आक्षर हाय का बगा ह्ये."

पिशवीतून ती सकाळची पोच काढते. आणि तिच्याखालून आणखी एक. जुनी, घड्यांवर झिजून चार तुकडे व्हायला आलेली, कार्बनची निळी अक्षरं हळदीच्या बोटांनी पिवळी झालेली. मी उन्हाकडं धरतो. तारीख दिवाळीआधीची. तक्रार : मधुमेहाच्या गोळ्या उपलब्ध नाहीत. मुदत : आठ दिवस. माझा 'ठ' लिहायची तऱ्हा वेगळी आहे, गाठ वरून घेतो. इथं तशीच आहे.

मी तिला ओळखलंच नव्हतं.

"तेव्हा आल्या नाहीत गोळ्या?"

"आल्या की! आठ दिसांच्या आतच आल्या. तीन-चार म्हयनं मिळाल्या. मग पुन्यांदा चिठ्ठी सुरू."

"मग हे आत का नाही सांगितलंत? जुनी पोच दाखवायची ना साहेबांना."

"काय म्हनून दाखवू? खोटं कुटं बोलला त्यो. आठ म्हनला, आठात दिल्या." ती दोन्ही कागद माझ्या हातातून घेते, सारखे करते. "ह्यो जुना ठिवू का फाडू?"

"ठेवा."

"ऱ्हाऊ दे मंग."

ती दोन्ही कागद कापलेल्या पट्टीभोवती गुंडाळते, वर रबर लावते. गाडी लागते. दारात गर्दी होते, कंडक्टर आतूनच ओरडतो, "सुट्टे ठेवा, सुट्टे!" बायकांना अर्धं तिकीट आहे. आजी पदराच्या गाठीतून एक वीसची नोट काढते, ती परत ठेवते, आणि नाणी मोजायला लागते.